पुढचा टेकू घेण्याआधी मागची पिशवी शिवा

सोलापुरातल्याच एका गृहस्थांचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे .177 ची, बॅरल मोडून छर्रा भरायची स्प्रिंगची एअर रायफल आहे, वर साधा स्कोप. शेतातल्या शेडमध्ये शहाबादी फरशीच्या ओट्यावर रायफल टेकवून ते 20 मीटरवर नेम धरतात. ग्रुप, म्हणजे लागोपाठ मारलेल्या छर्र्यांच्या भोकांचा पुंजका, कधी रुपयाएवढा येतो, कधी बशीएवढा. चौदा वर्षांचा मुलगा आता क्लबमध्ये .22 काडतुसाच्या रायफलीवर 50 मीटर प्रोन, म्हणजे झोपून मारायचा प्रकार, शिकायला लागणार आहे. हाताशी पाच हजारांच्या आसपास रक्कम आहे. त्यांनी विचारलंय, बायपॉड, म्हणजे रायफलीला लावायचा दोन पायांचा टेकू, घ्यावा, वाळूची पिशवी करावी, की तीन पायांची लोखंडी रेस्ट मागवावी? आणि जे घेऊ ते बाप-लेक दोघांना चालेल का?

मालक, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे. दोघांना एक टेकू चालणार नाही. मुलाला तर स्पर्धेत टेकूच चालणार नाही. त्यावर पुढे येतो.

पहिल्या प्रश्नात मला खरी अडचण वेगळी दिसते. ग्रुप कायम मोठा येत असता तर मी टेकूकडे बोट दाखवलं असतं. तुमचा ग्रुप कधी रुपयाएवढा येतो, म्हणजे रायफल, छर्रे आणि तुमचा डोळा मिळून तेवढं करू शकतात. मग बशी होते ती दोन ग्रुपच्या मध्ये काहीतरी बदलतं म्हणून. ते काय बदलतं हे शोधायच्या आधी बायपॉड लावलात तर बदलणाऱ्या गोष्टींमध्ये आणखी एकीची भर पडेल. म्हणून पैसे खिशात ठेवून आधी स्टॉकचे, म्हणजे नळी ज्यात बसवलेली असते त्या धडाचे, स्क्रू आवळून बघा. स्प्रिंगच्या रायफलीत फोरएंडचे (स्टॉकच्या पुढच्या भागाचे) दोन्ही बाजूंचे आणि ट्रिगर गार्डचे (चापाभोवतीच्या कडीचे) स्क्रू धक्क्यांनी हळूहळू सैल होतात. मग स्कोप रायफलीवर धरून ठेवणारे माउंट बघा. या रायफलीचा धक्का दोन्हीकडे बसतो, त्यामुळे माउंट रेलवर तसूतसूने मागे सरकतं. माउंटच्या मागच्या कडेला रेलवर पेन्सिलीने एक बारीक रेघ मारून ठेवा. पन्नासेक छर्रे मारल्यावर रेघ आणि माउंट यांच्यात फट दिसली की तुमची बशी कुठून येते ते कळलं. माझ्याकडे 'टेकू कुठला घेऊ' म्हणून येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं काम एका ॲलन कीवर भागतं.

ते सगळं घट्ट असेल तर आता टेकूकडे वळू.

टेकू घेताना माणसं रायफलीचं पुढचं टोक बघतात. सगळे पैसे तिथे जातात आणि मागचं टोक खांद्यावर, नाहीतर मुठीवर. जरा हिशोब करून बघा. पुढचा टेकू आणि दस्त्याखालचा आधार यांत साधारण 70 सेंटिमीटर अंतर असतं. दस्ता मागे 1 मिलिमीटर वरखाली झाला तर 50 मीटरवर नेम सुमारे 71 मिलिमीटर हलतो, तुमच्या 20 मीटरवर सुमारे 29. 50 मीटर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचं मधलं वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचं असतं. म्हणजे दस्त्याखाली झेरॉक्सचे दोन कागद सरकवले तरी नेम दहाच्या मधून निघून बाहेर जातो. पटत नसेल तर रिकामी रायफल टेबलावर लावा, स्कोपमधून बघत बसा आणि बायकोला नाहीतर मुलाला मागे एक कागद सरकवायला सांगा.

हे गणित दोन्ही टोकांना सारखंच लागू पडतं, पुढे 1 मिलिमीटर हललं तरी तेवढाच फरक. पण पुढच्या टोकाला लागून फक्त टेकू असतो. मागच्या टोकाला तुमचा खांदा, गाल, श्वास, नाडीचे ठोके आणि चाप ओढणारा हात असं सगळं बिऱ्हाड असतं. हलणारं सगळं मागे आहे. त्यामुळे महागडा पुढचा टेकू आणि मागे मूठ, यापेक्षा पुढे जीन्सच्या पायात भरलेली वाळू आणि मागे नीट शिवलेली पिशवी हा जोड नेहमी वरचढ ठरतो. हे मी शिकाऊ पोरांकडूनही करून घेतलंय आणि परवानाधारक शेतकऱ्यांकडूनही.

आता कशावर काय अवलंबून ते सांगतो. रायफल कुठल्या जातीची आहे, हा सगळ्यात मोठा फरक. स्प्रिंगची, हवा आधीच भरून ठेवायची पीसीपी, आणि .22 काडतुसाची, या तिघींना तीन वेगळ्या वागणुकी लागतात. दुसरा फरक म्हणजे कशावर बसून मारता: दगडी ओटा, लाकडी टेबल, की जमीन. आणि तिसरा, रायफल टेकवून तुम्हाला काय साधायचंय. नुसता ग्रुप छोटा करायचा, छर्रे पारखायचे, स्कोप झीरो करायचा (म्हणजे फुली आणि मारा एका जागी जुळवायचा), की स्पर्धा खेळायची.

स्प्रिंगच्या रायफलीवर जरा जास्त बोलतो, कारण तुमच्याकडे तीच आहे आणि आपल्याकडे घरोघरी तीच असते. चाप सुटला की आतली स्प्रिंग पिस्टनला पुढे फेकते. पिस्टन पुढे निघाला की रायफल मागे येते. मग तो पिस्टन दाबलेल्या हवेच्या गादीवर जाऊन थडकतो आणि रायफल पुढे झेपावते. हे मागे-पुढे चालू असताना छर्रा अजून नळीतच असतो. म्हणजे छर्रा बाहेर पडताना नळीचं तोंड कुठे असेल हे रायफल किती मोकळेपणाने सरकली यावर ठरतं. दर वेळी सारखीच सरकली तर छर्रे एका जागी पडतात. एकदा घट्ट धरली, एकदा सैल, एकदा फरशीवरून उडाली, की बशी.

बायपॉड इथेच घात करतो. तो फोरएंडच्या पुढच्या टोकाला आवळलेला असतो, त्याचे पाय रबराचे, आणि तुमची शहाबादी फरशी गुळगुळीत, कडक. रबर फरशीला कधी चिकटतं, कधी निसटतं, कधी सगळा बायपॉड टुणकन उडतो. स्प्रिंगच्या रायफलीला बायपॉड लावून कुणीच चांगलं मारत नाही असं मी म्हणणार नाही, काही रायफली तोही खपवून घेतात. पण तुमचा ग्रुप आधीच लहरी आहे. बायपॉड तूर्त राहू द्या.

वाळूच्या कडक पिशवीवर स्टॉक थेट टेकवणंही या रायफलीला फारसं मानवत नाही. करायचं असं: पुढे पिशवी, पिशवीवर तुमचा डावा हात, तळवा वर करून उघडा, आणि तळव्यावर रायफल. बोटं स्टॉकला आवळायची नाहीत. रायफल तळव्यावर नुसती पडून राहिली पाहिजे. उजव्या हाताची पकडही चाप ओढण्यापुरती. खांद्याला दस्ता टेकलेला, दाबलेला नाही. हाताचं मांस धक्का सोसतं आणि रायफलीला मागेपुढे सरकू देतं, आणि हाताचा थरथराट खालची पिशवी सोसते. तळवा कुठे ठेवायचा हे प्रत्येक रायफलीचं वेगळं असतं. ट्रिगर गार्डच्या पुढे चार बोटांवर, रायफल तोलली जाते त्या जागेच्या आसपास सुरुवात करा. तिथे एक ग्रुप, मग दोन बोटं पुढे दुसरा, आणखी दोन बोटं पुढे तिसरा. ज्या जागी ग्रुप सगळ्यात आवळून आला तिथे स्टॉकच्या खाली चिकटपट्टीचा तुकडा लावा. नंतर डोळे मिटून हात घातला तरी पट्टी बोटाला लागली पाहिजे. तुमच्या ग्रुपमधली बशी माझ्या अंदाजाने या पट्टीनेच निम्मी होईल.

पीसीपीला पिस्टनच नाही, त्यामुळे धक्का नावालाच. तिला बायपॉड चालतो, पिशवी चालते, काहीही चालतं. .22 काडतुसाच्या रायफलीत धक्का गोळी नळीत असतानाच सुरू होतो, पण तो एकाच दिशेचा, आणि जड टार्गेट रायफलीत हाताला जाणवतही नाही. तिला कडक पिशवी उत्तम.

नियम तिघींनाही सारखा: टेकू स्टॉकला लागावा, नळीला कधीच नाही. नळी टेकवली की तिची कंप पावायची रीत बदलते आणि मारा भलतीकडेच जातो. स्टॉकच्या खाली पट्ट्याची कडी अडकवायचा गोल खिळा असतो, तोही पिशवीच्या मागे किंवा पुढे मोकळा राहिला पाहिजे. पिशवीत रुतला तर दर धक्क्याला तिथे अडकतो.

बायपॉडबद्दल एक परीक्षा सांगतो, ज्यांची नळी स्टॉकपासून मोकळी असते त्यांच्यासाठी. पुढेमागे .22 घेतलीत तर उपयोगी पडेल. प्लास्टिकच्या स्टॉकचा फोरएंड बऱ्याचदा मऊ असतो. बायपॉड लावा, मागून दस्त्यावर नेहमीसारखा भार द्या आणि कागदाची पट्टी नळी आणि स्टॉक यांच्या फटीतून ओढत न्या. ती सरळ आरपार गेली तर ठीक. भार देताच अडकली तर स्टॉक वाकून नळीला लागतोय. अशा रायफलीला बायपॉड म्हणजे ग्रुप बिघडवायचं खात्रीचं साधन. फरशीवर बायपॉड वापरायचाच असेल तर खाली जुन्या सतरंजीचा तुकडा घाला आणि खांद्याने किंचित पुढे रेटून ठेवा, म्हणजे पाय दर वेळी एकाच ताणावर राहतात. गुळगुळीत फरशीवर ते रेटणं जमतच नाही, पाय पुढे घसरत जातात. बायपॉडचं खरं काम रानात, उघड्यावर, जिथे टेबल नाही तिथे. ओट्यावर बसून छर्रे मारणाऱ्याला तो कशासाठी हवा ते मला कळत नाही. दिसतो रुबाबदार, हे मान्य.

तीन पायांची लोखंडी रेस्ट मी थोडक्यात उरकतो. वस्तू चांगली आहे. वजनाने जड, उंची स्क्रूने कमीजास्त होते, वर दोन कानांची पिशवी. एफ-क्लास नावाचा एक प्रकार आहे, लांब पल्ल्यावर झोपून मारायचा. त्यातल्या ओपन गटात अशी रेस्ट चालते आणि रायफल 10 किलोपर्यंत असू शकते. त्याच खेळाच्या दुसऱ्या गटात बायपॉड लावतात आणि बायपॉड धरून 8.25 किलोची मर्यादा असते. तिथे या वस्तूंना अर्थ आहे. तुमच्या तीन-साडेतीन किलोच्या स्प्रिंग रायफलीखाली ती ठेवणं म्हणजे बैलगाडीला पॉवर स्टिअरिंग. शिवाय तिचे अणकुचीदार पाय मातीत रुततात, फरशीवर चालत सुटतात.

राहिली पिशवी. आता खरं सांगायचं तर सोलापुरात बसून तयार पिशवी विकत मागवणाऱ्यांचं मला नवल वाटतं. गणवेश शिवणारं शहर आहे आपलं. जाड ड्रिलच्या, कॅनव्हासच्या चिंध्या कुठल्याही शिलाई कारखान्यात किलोवर मिळतील. घरात जुनी जीन्स असेल तर तेही नको. पुढच्या पिशवीसाठी जीन्सचा पाय गुडघ्यापासून खाली कापा, एक तोंड दुहेरी शिलाईने बंद करा. आत दुसरी पिशवी हवी, पातळ पण घट्ट विणीची, कारण वाळूची बारीक धूळ जीन्समधून गळते आणि रायफलीच्या पिस्टनपर्यंत पोहोचली तर ती सील खाते. आतली पिशवी शिवून बंद, बाहेरची वरून. टाका बारीक मारायला सांगा, आणि शिवण खालच्या अंगाला येऊ द्या. शिवणीच्या कडेवर स्टॉक बसला तर तो दर वेळी तिच्यावरून थोडा इकडे-तिकडे घसरतो.

भरायला काय? वाळू भरायची तर बांधकामावरून घमेलंभर मागून आणा, चाळा, धुवा आणि एप्रिल-मे महिन्यात पत्र्यावर पसरा. आपल्या उन्हात दोन दिवसांत भाजल्यासारखी कोरडी होते. ओली वाळू भरली तर पावसाळ्यात कापड आतून कुजतं. कोरडी वाळू लिटरला दीड-एक किलोच्या वर भरते, म्हणजे तीन लिटरची पिशवी पाच किलोच्या आसपास. एकदा ओट्यावर ठेवली की हलत नाही. पुढच्या पिशवीला वाळूच हवी. गच्च भरा, ठोकून ठोकून. मग वर मुठीने दाबून रायफलीसाठी एक उथळ घळ करा.

मागच्या पिशवीला माझी पसंती ज्वारीला. ज्वारी वाळूच्या निम्म्या वजनाची, त्यामुळे पिशवी हाताने दाबली की दाणे सरकतात, सोडली की बऱ्यापैकी परत येतात. डाव्या हाताने पिशवी चिमटून दस्ता वरखाली करायचा असतो. ती बारीक हालचाल वाळूत इतकी हलकी जमत नाही. ज्वारीचा एकच वांधा, कीड लागते, आणि शेतातल्या शेडमध्ये ठेवलीत तर उंदीर रात्रीतून पिशवी कुरतडून मोकळे होतात. तुमच्या शेडचा विचार करता एमआयडीसीतल्या पाइप बनवणाऱ्या कारखान्यातून प्लास्टिकचे दाणे मिळाले तर ते भरा. हलके, कोरडे, आणि उंदरांना त्यात रस नाही. मागची पिशवी मात्र गच्च भरायची नाही, तीन चतुर्थांश पुरे. आकार उशीसारखा, हाताच्या मुठीत निम्मी मावेल एवढी.

वर काय लावायचं हाही प्रश्न येतो. सोलापुरी टेरी टॉवेल पिशवीवर गुंडाळणारे बरेच भेटतात, हाताशी तोच असतो म्हणून. टॉवेलच्या दोऱ्यांचे छोटे फास स्टॉकच्या खवल्यांत अडकतात आणि रायफल अडखळत सरकते. टॉवेल पिशवीच्या खाली घाला, तिथे तो फरशीला छान धरून राहतो. वरचा भाग गुळगुळीत हवा. मऊ चामड्याचा तुकडा चप्पल शिवणाऱ्याकडून लावून घेतलात तर उत्तम, नाहीतर उघडी जीन्स. त्यावर चिमूटभर टाल्कम पावडर चोळली की स्टॉक लोण्यासारखा सरकतो.

ज्या रायफली थेट पिशवीवर टेकतात, म्हणजे पीसीपी आणि .22, त्यांची पिशवी बरोबर झाली की नाही हे एकही गोळी न मारता कळतं. रायफल रिकामी आहे हे दोनदा तपासा. पिशव्यांवर ठेवा, उंची अशी करा की नेम जवळजवळ आपोआप टार्गेटवर येईल आणि मागची पिशवी चिमटून फक्त शेवटची उंची साधायची राहील. आता दस्ता धरून रायफल दोन बोटं मागे ओढा आणि पुन्हा पुढे ढकला. स्कोपमधली फुली सरळ रेषेत खालीवर होऊन परत त्याच ठिपक्यावर यायला हवी. तिरकी गेली तर पुढची घळ आणि मागची पिशवी एका रेषेत नाहीत. परत येताना बाजूला थांबली तर पुढच्या घळीच्या भिंती स्टॉकला चिमटा घेतायत, थोड्या रुंद करा. आणि रायफल रिकामी असताना चाप ओढून बघायचा मोह आवरा, तुमच्या रायफलीवर तर नक्कीच. स्प्रिंगची रायफल छर्रा न घालता सोडली तर पिस्टनला अडवायला हवेची गादी नीट तयार होत नाही, तो सरळ जाऊन आदळतो.

रायफल एका बाजूला कलण्याचा मुद्दा टेकूच्या गप्पांत हमखास राहतो. .22 ची गोळी 50 मीटर जाताना गुरुत्वाकर्षणाने साधारण 12-13 सेंटिमीटर खाली येते. स्कोप तेवढं भरून काढायला लावलेला असतो, पण तो सरळ उभा असताना. रायफल 5 अंश उजवीकडे कलली तर मारा सुमारे 1 सेंटिमीटर उजवीकडे जातो. दहाचं अख्खं वर्तुळ एवढंच असतं. पाच अंश डोळ्याला कळत नाहीत. म्हणून टार्गेटच्या मागे ओळंब्याने एक उभी दोरी टांगा आणि प्रत्येक वेळी स्कोपची उभी रेघ दोरीशी जुळवा. बायपॉड दोन्हीकडे कलणारा असेल तर त्याची कळ आवळलेली ठेवा. पिशवीवर हे काम तुमच्याच डोळ्यावर राहतं.

दोन टेकूंची तुलना करायची असेल तर एका ग्रुपवरून निकाल लावू नका. पाच छर्रे पिशवीवर, पाच हातावर, परत पाच पिशवीवर, परत पाच हातावर, असं आलटून-पालटून मारा, आणि एकाच डब्यातले छर्रे वापरा. सकाळी मारा. आपल्याकडे उन्हाळ्यात दहा वाजले की जमिनीवरून उठणाऱ्या गरम हवेने टार्गेट पाण्यात पडल्यासारखं लहरतं, मग टेकूला दोष देऊन उपयोग नाही. छर्रे उभ्या रेषेत पसरत असतील तर मागचा आधार, खांद्याचा दाब आणि श्वास बघा. आडव्या रेषेत पसरत असतील तर घळीचा चिमटा, कलणं, बाजूने ओढला जाणारा चाप आणि वारा, या क्रमाने बघा. कसेही विखुरले तर परत स्क्रूंकडे जा, नाहीतर छर्रे बदला.

आता मुलाचं. 50 मीटर प्रोनमध्ये रायफलीला आधार फक्त दोन हात, खांदा आणि गाल यांचा. वर पट्टा, म्हणजे स्लिंग, चालतो, जॅकेट आणि हातमोजा चालतो. पुढचा डावा हात जमिनीशी 30 अंशांपेक्षा कमी कोन करून ठेवता येत नाही, म्हणजे कोपर लांब पसरून रायफल जमिनीला लगटवता येत नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनचं जागतिक सुवर्ण घेतलं ते याच पद्धतीने, आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं कांस्य घेतलं त्यातला झोपून मारायचा भागही असाच. दिव्यांगांच्या नेमबाजीत ज्यांना हाताने रायफल पेलता येत नाही त्या गटाला स्टँड मिळतो, पण तोही स्प्रिंगवर डोलणारा असतो. जर्मनीत ज्येष्ठांसाठी टेकवून मारायच्या वेगळ्या स्पर्धा होतात. तुमच्या चौदा वर्षांच्या पोराला यातलं काही लागू नाही.

म्हणून त्याच्यासाठी टेकूचा उपयोग दोनच ठिकाणी. पहिले काही दिवस पीप साइटमधलं (बारीक भोकातून बघायच्या साइटमधलं) चित्र आणि चाप यांची ओळख होताना रायफलीचा भार पिशवीवर असलेला बरा. पोर भाराशी झगडत बसलं की चाप झटक्याने ओढायची सवय लागते आणि ती पुढे सुटता सुटत नाही. दुसरं, गोळ्यांची पारख. .22 ची एकच जात पण वेगवेगळ्या लॉटची काडतुसं एकाच नळीतून वेगवेगळा ग्रुप देतात. एली, लापुआ या काडतुसं बनवणाऱ्या कंपन्यांच्या टेस्ट रेंजवर त्यासाठी रायफल शिकंज्यात आवळून लॉट तपासतात. आपल्याला तो शिकंजा परवडत नाही, पण पुढे-मागे दोन पिशव्यांवर ठेवून लॉट पारखता येतो. ही सवय लागू द्या. त्यानंतर मात्र पिशवी बाजूला आणि पट्ट्यावर यायचं. प्रोनमध्ये पट्टा हाच त्याचा पुढचा टेकू. तो दंडावर कुठे बांधायचा, किती आवळायचा, हाताचा थांबा स्टॉकच्या रेलवर कुठल्या खाचेत ठेवायचा, हे सगळं त्याच्या शरीराच्या मापावर ठरतं, आणि वर्षाला दोन-चार इंच वाढणाऱ्या पोराच्या बाबतीत ते दर काही महिन्यांनी बदलतं. त्यामुळे आत्ता महाग काही घेऊ नका, प्रशिक्षकासमोर क्लबचं साहित्य लावून माप ठरू द्या.

तर तुमच्या पाच हजारांचं मी असं करेन. दोन पिशव्या, चामड्याचे तुकडे आणि शिलाई धरून काही शेकड्यांत होतात. दोन-तीन जातींचे छर्रे घ्या, डोक्याचा आकार आणि वजन वेगवेगळं असलेले, आणि तुमच्या नळीला कुठला आवडतो ते पिशव्यांवर बघा. उरलेले सगळे मुलाचा हातमोजा आणि पट्टा यांसाठी ठेवा. बायपॉडचा मोह पीसीपी घेईपर्यंत पुढे ढकला.

शेड शेतात आहे म्हणालात म्हणून एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवत नाही, टार्गेटच्या मागे काय आहे? पत्रा असेल तर आजच काढा. छर्रा पत्र्यावरून, दगडावरून परत येतो. मातीची वरंडी नाहीतर जाड लाकडी फळीवर जुन्या सतरंज्यांची थप्पी लावा, आणि बघायला उभे राहणाऱ्यांनाही चष्मा घालायला लावा. .177 ची, 20 जूलच्या आतली एअर रायफल बिनापरवाना बाळगता येते, पण त्याच्या वरची शक्ती किंवा मोठं बोअर झालं की 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागतो, आणि .22 काडतुसाच्या रायफलीला तर लागतोच. मुलाची .22 रेंजवरच राहू द्या, घरी आणायची भाषा नको.

पिशव्या झाल्या की टार्गेटचे फोटो टाका. पण प्रत्येक टार्गेटच्या कोपऱ्यात पेनाने लिहून ठेवा: हात चिकटपट्टीवर होता की पुढे, छर्रा कुठला, सकाळ की दुपार, स्क्रू कधी आवळले होते. नुसत्या भोकांवरून मला काही सांगता येत नाही.